पुसाची थंडी आणि तप

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूरच्या रानवस्तीला हिमवादळ ठाऊक नाही. तिथली हिवाळ्याची कसोटी म्हणजे कुडाच्या फटींतून शिरणारी पुसाची थंडी. ‘तप’ म्हणजे मुळात तापणे, मग गारठा सोसणे हे तप कसे? त्याच जिल्ह्यातील मेसराम कुळाचे गोंड पौष अमावास्येच्या नागोबापूजेसाठी गोदावरीचे पाणी पायी केसलापूरला आणतात आणि वडाखाली मुक्काम करतात. थंडी त्यांनी निवडलेली नसते, चालणे निवडलेले असते, आणि या निवडीलाच, म्हणजे संकल्पाला, शास्त्र व्रत म्हणते; त्या व्रतापायी सोसलेला गारठा म्हणून तप ठरतो. परंतु नातवंडे उबेत निजावीत म्हणून पहाटेपर्यंत शेकोटीत ओंडका सारत बसणाऱ्या आजीचे जागणेही निवडलेलेच असते, आणि केवळ तिने संकल्प उच्चारला नाही म्हणून त्याला तप न म्हणणे हा अन्यायच होय.