सूर्याला बटन नसतं

कोलकात्याजवळच्या डमडममधल्या एका सोसायटीनं तीन इमारतींपैकी पहिलीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवले. ठेकेदाराची माणसं बाहेरगावची. झटपट काम उरकून निघून गेली. वैशाखात कालबैशाखीचं वादळ झालं आणि दुसऱ्या दिवसापासून वीज निम्मीच येऊ लागली. ठेकेदार फोनवर "माणूस पाठवतो" म्हणायचा. माणूस काही येईना.

सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणजे मासिमा, निवृत्त शिक्षिका. त्यांनी शेवटी पाड्यातल्या क्लबच्या पोरांना बोलावलं. दुर्गापूजेला बांबूंवर चढून अख्ख्या गल्लीची रोषणाई करणारी ही पोरं. त्यातला एकजण भर दुपारी गच्चीवर गेला, मेन स्विच पाडला आणि वायर कापायला पक्कड उघडली.

"हात मागे घे!" रात्रपाळीचे वॉचमन काका जिन्यातून ओरडले.

"काका, स्विच बंद केलाय."

"सूर्याला बटन नसतं, बाबा. ऊन आहे तोवर या वायरीत चारशे व्होल्ट आहेत. घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. ही शून्यावर येत नाही. ठिणगी पेटली की पेटतच राहते."

काका सागर बेटावरचे. 1996 साली तिथल्या कमलपूरला सौर वीजकेंद्र उभं राहिलं, तेव्हा मुख्य भूमीवरच्या तारा बेटावर पोचल्या नव्हत्या. केंद्र चालवायला गावातल्याच माणसांना शिकवलं गेलं, आणि काका त्यांतले एक. असा माणूस रोज रात्री फाटकावर बसत होता आणि सोसायटी ठेकेदाराच्या फोनची वाट पाहत होती!

सूर्य मावळल्यावर काकांनी हातमोजे चढवले. पॅनेलच्या दोन माळांपैकी एकीचा कनेक्टर वादळात निसटला होता. तो नीट दाबून बसवलेलाच नव्हता. त्यांनी पोरांकडूनच नवा बसवून घेतला.

उरलेल्या इमारतींच्या वेळी मासिमांनी अट घातली: पाड्यातली चार मुलं ठेकेदाराच्या माणसांबरोबर प्रत्येक टप्प्यावर काम करतील आणि जोडणी काका तपासतील. काकांना त्याचे वेगळे पैसे मिळतील. बैठकीत एकजण चिडला. "काम लांबेल. पोरांना शिकवायला सोसायटी म्हणजे काय शाळा आहे?"

"कालबैशाखी दरवर्षी येते," मासिमा म्हणाल्या. "ठेकेदार येतो का?"

मला मासिमांचं म्हणणं पटतं. याच डमडममध्ये 1928 साली ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. कंपनी विलायतेची होती, पण तबकड्या घडवणारे हात इथलेच झाले. हे आपोआप होत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं, आणि शिकवण्याचा वेळ कामाच्या हिशेबात धरावा लागतो. सौर पॅनेल बसवायला शिकवणारा केंद्र सरकारचा सूर्यमित्र अभ्यासक्रम 2015 साली सुरू झाला, तोही 600 तासांचा. चौघांपैकी आयटीआय झालेली एक मुलगी पुढे त्याला गेली.

तिसऱ्या गच्चीचं काम लांबलं खरं. पण ते संपताना ठेकेदारानंच चौघांना विचारलं, "बारासातला मोठं काम आहे, येता का?"

त्या मुलीनं आधी रोज किती ते विचारलं. मग गच्चीच्या कडेला काम करताना बांधायचे पट्टे चौघांनाही मिळतील का, ते विचारलं. ठेकेदारानं दोनच आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आणखी दोन घ्या, आम्ही येतो."