एकाच तारेवर

प्रपंच सांभाळून परमार्थ साधतो का, हा प्रश्न आमच्याकडे सप्ताहात दरवर्षी निघतो आणि ‘मन लावलं तर साधतो’ या उत्तरावर मिटतो. मला ते उत्तर पुरत नाही. माझी उभी नोकरी वीज मंडळाच्या सबस्टेशनात, तीही कॅरिअर रूममध्ये गेली. एकाच तारेवरून दोन गोष्टी कशा न्यायच्या, हेच माझं काम होतं. तेव्हा या प्रश्नावर मला बोलायचंच आहे.

220 केव्हीच्या लाइनवर वीज 50 हर्ट्झने वाहते. त्याच तारेवर आम्ही कितीतरी वरच्या, किलोहर्ट्झच्या कंपनांवर बोलणं चढवत असू. डोंगरापलीकडच्या सबस्टेशनातल्या ऑपरेटरशी फोनवर बोलायला वेगळी तार नव्हती. लाइनवर बिघाड झाला तर पलीकडचा ब्रेकर पाडण्याचा हुकूमही तिच्यावरूनच जाई. लाइन यार्डात शिरते तिथे एक भलंमोठं वेटोळं टांगलेलं असतं, वेव्ह ट्रॅप. ते 50 हर्ट्झला वाट देतं आणि वरची कंपनं अडवतं. कपलिंग कपॅसिटरचं काम नेमकं उलटं. तो वीज रोखतो आणि बोलणं तेवढं खाली आमच्या खोलीकडे सोडतो. नवा पोरगा भरती झाला की विचारायचा, एवढ्या विजेत आवाज जळून कसा जात नाही? जळत नाही, कारण दोघांची कंपनं वेगळी असतात आणि दाराशी निवडणारं कुणीतरी बसलेलं असतं.

आता हीच विद्या पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरच्या रूपात घरात आली आहे. कराडच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाडीच्या. राउटर सोप्यात, आणि नात अभ्यासाला बसते त्या मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही. भिंतीला भोक पाडायला गेलं की माती ढासळते. म्हणून अ‍ॅडॅप्टरची जोडी आणली. एक राउटरपाशी, दुसरा मागच्या खोलीत, मधे घरातलीच वायरिंग. अडचण पॉइंटची होती. मागच्या खोलीत एकच पॉइंट, तोही देवघराशेजारी, आणि त्यावर देवापुढचा विजेचा दिवा. सूनबाई म्हणाली, “बाबा, एक्स्टेन्शन लावू या की.” पण अ‍ॅडॅप्टर एक्स्टेन्शनवर लावायचा नसतो. त्यातही विजेच्या उसळीपासून बचाव करणारा बोर्ड असेल तर तो सिग्नलच गिळतो. अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीतल्या पॉइंटवरच हवा. आमच्या सौभाग्यवतींनी प्रश्न तिथेच सोडवला. “अहो, देवाला समई आहे. तो दिवा काढा, पोरीचा अभ्यास होऊ दे.” त्यांनी देवाचा हक्क काढून घेतला असं मला क्षणभरही वाटलं नाही. पुढे सॉकेट असलेला अ‍ॅडॅप्टर मिळाला, पण दिवा पुन्हा लावायचं त्यांनी नाकारलं. समई रोज लागते.

अ‍ॅडॅप्टर लावल्यावर एक गोष्ट पाहिली, ती मात्र सावकाश सांगायला हवी. फ्रिज सुरू झाला तरी नातीचा वर्ग चालू राहतो. पण एक स्वस्तातला मोबाइल चार्जर शेजारच्या खोलीत लावला की चित्र थांबतं. फ्रिजचा भार मोठा, तरी तो मुख्यतः 50 हर्ट्झवरच चालतो. चार्जर हाताएवढाही नाही, पण त्यातलं स्विचिंग वरच्या कंपनांत कचरा सोडतं, म्हणजे सिग्नल जिथून जातो तिथेच. हा अ‍ॅडॅप्टर 2 मेगाहर्ट्झपासून वर चालतो, आणि कचरा तिथेच पडतो. खोक्यावर लिहिलेला वेग जुन्या घरात मिळत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

म्हणून मला वाटतं, परमार्थ बुडतो तो मोठ्या कर्तव्यांनी बुडत नाही. आईचं आजारपण, शेताचा हंगाम, मुलीचं लग्न, यांचा भार मोठा असतो, पण ती नामाच्या आड येत नाहीत. अरणचे सावता माळी मळा सोडून कुठे गेले नाहीत, सेना न्हावी धोकटी घेऊन फिरले, नरहरी सोनार पंढरपुरात आपल्या पेढीवर बसले. नाम मोडतं ते शेजाऱ्याच्या मिळकतीवर डोळा ठेवल्याने, मनातल्या मनात भांडण चालू ठेवल्याने. ही कामं दिसायला लहान, पण नेमकी नामाच्याच जागेवर बसतात.

संसार सोडून वेगळी तार टाकणारेही आहेत, त्यांना मी नमस्कार करतो. पण ज्ञानदेवांच्या वडिलांची कथा विसरता येत नाही. विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीला जाऊन संन्यासी झाले, गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवलं, आणि आळंदीत त्याची झळ चार लेकरांना बसली.

गोरोबा काकांची गोष्ट मला आजही बसू देत नाही. तेरच्या या कुंभाराने नामात रंगून चिखल तुडवला आणि पायांखाली स्वतःचं बाळ आलं. कीर्तनकार ही तल्लीनता म्हणून रंगवून सांगतात, मंडप डोलतो. मी डोलत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत तिथे गाळणी निकामी झाली होती. पायाशी बाळ आहे हे कळवणारी हाक नामाने बुडवायला नको होती. बाळाच्या आईचा संताप मला त्या कथेतली सर्वात खरी गोष्ट वाटतो. पुढे पांडुरंगाने बाळ परत दिलं असं कथा सांगते, म्हणजे कथा रचणाऱ्यांनाही बाळ गेलेलं सोसलं नाही. मी गोरोबांना संत मानतो आणि तरीही हे म्हणतो.

तेव्हा माझं उत्तर असं: साधतो. त्याला वेगळी तार लागत नाही, पण दाराशी वेव्ह ट्रॅप लागतो. कोणती हाक बाळाची आणि कोणती चार्जरची, हे ओळखणारं कुणीतरी आत बसलेलं असावं लागतं.

निवृत्तीनंतर बघू, मुलं मार्गी लागली की बघू, असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रांना एवढंच सांगायचं आहे. घरात नवा पॉइंट निघणार नाही. आहे त्याच पॉइंटवर आज सुरू करा. हरिपाठ म्हणायला अर्धा तास पुरतो.