तापलेला लोखंडी गोळा

वाईत 29 वर्षं मी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह शिकवला. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे विस्तव आहे, हे अनुमान बरोबर. विस्तव आहे म्हणून धूर असणारच, हे मात्र चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धूर निघायला इंधन ओलं लागतं, आणि ओलेपणासारख्या या अटीलाच न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात.

दिवाळीनंतर लघवीच्या रिपोर्टवर ‘प्रोटीन दोन प्लस’ वाचलं आणि हे सारं विसरलो. रात्रभर डोळ्यांपुढे डायलिसिस. खरं तर घडलं एवढंच होतं, की पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवा झाला होता. बाकी सगळं माझ्या भीतीने जोडलं, आणि मी त्याला अनुमान समजलो.

डॉक्टर माझाच विद्यार्थी. “सर, आदल्या दिवशी काय केलंत?”

“पांडवगड चढून आलो.”

फार दगदग झाली, ताप आला, तरी प्रोटीन लघवीत तात्पुरतं उतरतं, तो म्हणाला. आठवडाभर विश्रांती घ्या, मग सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली. पुन्हा आलंच तर क्रिएटिनिनशी त्याचं प्रमाण काढू. मी ऐकत होतो आणि मनात गोळा लाल होत होता. नुसतं प्रोटीन म्हणजे मूत्रपिंडाचा आजार नव्हे. ते टिकून राहतं का, ही इथली उपाधी.

पण मला जास्त लागलं ते थोरल्या बहिणीचं, आक्काचं. तिला पंधरा वर्षं मधुमेह. दर रिपोर्टात प्रोटीन ‘निल’, आणि दर वेळी ती देव्हाऱ्यापुढे साखर ठेवायची. मीही हात जोडायचो. धूर नाही म्हणून विस्तव नाही, असं आम्ही दोघांनी धरलं होतं. रिपोर्टाला आम्ही कौल मानत होतो. कौल एकदा मिळाला की माणूस पुन्हा विचारत नाही. अनुमानाला मात्र पुन्हापुन्हा विचारावं लागतं. देवावरची श्रद्धा याच्या आड येते असं मला वाटत नाही. आमचा आळस आड आला.

माझ्या दुसऱ्या रिपोर्टात प्रोटीन नव्हतं. त्याच दिवशी आक्काची बाटली घेऊन गेलो. अल्ब्युमिन या प्रोटीनची गळती थोडी असेल तर साध्या पट्टीला ती कळत नाही, म्हणून वेगळी तपासणी लिहून घेतली. संध्याकाळी कागद आला. प्रोटीन निल. त्याच्याच खाली, 30 च्या आत हवं ते अल्ब्युमिनचं प्रमाण, 85.