तात्पुरत्याची मुदत

आयआयटी धारवाड 2016 साली सुरू झाली ती ‘वाल्मी’च्या, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात. सोय तात्पुरतीच होती; पण इमारती पक्क्या होत्या आणि पुढं कुठं जायचं ते ठरलेलं होतं. मार्च 2023 मध्ये कायमच्या संकुलाचं उद्घाटन झालं. सरकारनं मनावर घेतलं तर तात्पुरतेपणही नीट निभावता येतं, ते असं.

आता हुबळी-धारवाडमधल्या एखाद्या मोठ्या बांधकामाच्या कडेला जाऊन पाहा. पत्र्याच्या खोल्या, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा आडोसा करून केलेली मोरी. एप्रिलात दुपारी आत बसवत नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या 1996 च्या केंद्रीय कायद्यानं कलम 34 मध्ये या घरांचा विचार केला. काम चालू असेतो मालकानं फुकट निवारा द्यावा, स्वयंपाक, अंघोळ, शौचालयाची वेगळी सोय करावी. आणि काम संपलं की घरं स्वखर्चानं काढून जमीन सपाट, स्वच्छ करून द्यावी. जमिनीचं पुढं काय व्हावं, हे कलमात होतं. त्या जमिनीवर राहिलेल्या कुटुंबानं कुठं जावं, हे नव्हतं.

मुदत पाळायची जबाबदारी कुणावरच नसली की काय होतं, ते मुंबईत दिसतं. मोडकळीला आलेल्या इमारतींमधून म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत हलवलेली कित्येक कुटुंबं मूळ जागी परतायची वाट बघत दशकानुदशकं तिथंच राहिली.

म्हणूनच मॉड्युलर घरांची, म्हणजे कारखान्यात तयार झालेले भाग जोडून उभ्या करायच्या आणि सुटे करून दुसरीकडं नेता येणाऱ्या घरांची चर्चा निघते तेव्हा भिंत कशाची, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. घर कुणाच्या मालकीचं, हे आधी ठरवावं. महापालिकेनं अशी घरं स्वतःकडं ठेवावीत आणि ठेकेदाराला भाड्यानं द्यावीत. बांधकाम परवान्यातच घरांची संख्या, मुदत आणि कुटुंबांचा पुढचा मुक्काम लिहून घ्यावा. पैसा कुठून, असं विचारलं जाईल. मजुरांच्या कल्याणासाठी कर्नाटकात बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर घेतलाच जातो. भांडवल त्यातून यावं. भाडं मात्र ठेकेदाराकडूनच घ्यावं, नाहीतर मालकाची जबाबदारी मजुरांच्याच पैशानं फिटेल.

पुढचा मुक्काम कागदावर असला, तर अंगणवाडीताईला मजुरांच्या मुलांची नावं तिकडच्या अंगणवाडीला कळवता येतील. धोरणात तेवढंही नसेल, तर पत्रा जाऊन पॅनेल येईल, बाकी सगळं होतं तसंच राहील.