येताना तारखा घेऊन या

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मुंबईपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत अजून चालते. कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने ती शाळेतच ऐकलेली असते, बहुधा केलेलीही असते. पुढे कधी त्याच्यावरच मानसोपचारतज्ज्ञाची पहिली अपॉइंटमेंट घ्यायची वेळ आली, की तो तयारी करतो ती लपण्याची. डोंबिवलीत नको, कोणीतरी ओळखीचं भेटेल, ठाण्याला जाऊ. ऑफिसात दाताच्या डॉक्टरकडे गेलो म्हणून सांगू. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली, मनाच्या आजारांबद्दल चारचौघांत बोललं जाऊ लागलं, तरी दवाखान्याच्या दारात मान खाली जायची ती जातेच. या सगळ्या बंदोबस्तात खरी तयारी राहून जाते. मनाला कधी अतिउत्साहाच्या (मॅनियाच्या) चढावर, तर कधी नैराश्याच्या उतारावर नेणाऱ्या बायपोलर आजाराच्या बाबतीत तर त्यामुळे निदानच हुकू शकतं.

कारण हा आजार तपासणीच्या खोलीत दिसतोच असं नाही. त्याची व्याख्याच काळात मांडलेली आहे: मॅनिया म्हणायला लक्षणं साधारण आठवडाभर टिकावी लागतात, सौम्य अशा हायपोमॅनियाला चार दिवस, नैराश्याला दोन आठवडे. अमेरिकेतल्या लुईस जड यांच्या गटाने बायपोलर-२ प्रकारच्या (यात चढ हायपोमॅनियापुरताच असतो) ८६ रुग्णांचा सरासरी तेरा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. जवळजवळ निम्मे आठवडे या माणसांनी नैराश्याच्या लक्षणांत काढले होते. हायपोमॅनियाचे आठवडे होते फक्त १.३ टक्के. म्हणजे कुठल्याही मंगळवारी केसपेपर काढून समोर बसलेला रुग्ण डॉक्टरांना उदास दिसणार, किंवा ठीकठाक दिसणार. उदास माणसाला नैराश्याची गोळी दिली जाते. बायपोलरमध्ये नुसती तीच दिली, तर काहींचा मॅनिया उसळून वर येतो. अमेरिकेतच २००० साली झालेल्या एका पाहणीत ६९ टक्के बायपोलर रुग्णांनी सांगितलं, की आपलं निदान आधी चुकलं होतं. दोष एकट्या डॉक्टरांचा कसा म्हणणार? चढाच्या दिवसांबद्दल तक्रार घेऊन येतं कोण? चार तास झोपून ताजंतवानं उठणारा, सोसायटीच्या गणपतीचा सगळा भार एकट्याने उचलणारा, रात्री दोनला नव्या धंद्याचे हिशेब मांडणारा मुलगा घरच्यांना कर्तबगारच वाटतो.

म्हणून पहिल्या भेटीला त्रासाचं वर्णन एकवेळ कमी पडलं तरी चालेल, तारखा हव्यात. आणि त्यातही बऱ्या दिवसांच्या, फारच बऱ्या दिवसांच्या. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी रुग्णांची वर्षं आणि महिने आखून रंगीत तक्ते छापले होते. चढ आणि उतार एका नजरेत दिसावेत म्हणून. तसा तक्ता वहीच्या पानावर कुणालाही आखता येतो. अडचण आठवणीची असते. उदास मनाला आपण कायमच असे होतो असं वाटतं आणि त्याला ते खरंच वाटत असतं. अशा वेळी ‘कधीपासून?’ हा प्रश्न निरुपयोगी. त्यापेक्षा आजूबाजूच्या घटनांचा आधार घ्यावा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, तेव्हा झोप कशी होती? कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ मध्ये खुला झाला. त्या मधल्या काळात नोकऱ्या किती बदलल्या? लॉकडाऊनमध्ये काय चाललं होतं?

पासबुक तर आठवणीपेक्षा प्रामाणिक. तीन महिने फक्त लाइट बिल, मेंटेनन्स आणि रेल्वेचा पास. मग एकदम पंधरा दिवसांत दोन मोबाइल, शेअर बाजारात टाकलेली रक्कम, मित्राला दिलेले उसने पैसे, रात्री तीनला केलेल्या ऑर्डरी. आणि पुन्हा सामसूम. डॉक्टर तासभर विचारून जे काढतील ते इथे एका पानावर छापलेलं असतं.

घराण्याचा इतिहास मात्र कुठेच छापलेला नसतो. बायपोलर रक्ताच्या नात्यातून बऱ्याच प्रमाणात उतरतो, त्यामुळे डॉक्टर तो विचारणारच, आणि मराठी घर ‘आमच्यात असं कोणाला नाही’ म्हणून मोकळं होणार. मग हळूहळू निघतं. मोठे काका हुशार होते, पण तापट. एकदा घर विकायला निघाले होते. आत्या बाळंतपणानंतर वर्षभर माहेरी होती, ‘बाहेरचं’ काहीतरी झालं म्हणून गाणगापूरला नेलं होतं. आईचे मामा कुणाला न सांगता निघून गेले. या सगळ्यांना बायपोलर होता असं मुळीच नाही. पण ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी आणि ती सहसा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे असते. तिला आधीच विचारून ठेवावं.

सोबत कोणाला न्यावं, हा नाजूक मामला. चढाच्या दिवसांचा साक्षीदार हवा, कारण रुग्णाला ते दिवस आजाराचे वाटलेलेच नसतात. पण हाच साक्षीदार सगळं आपणच बोलतो आणि रुग्ण फरशीकडे बघत बसतो, हेही नेहमीचं. थोडा वेळ एकट्याने बोलायचंय, असं डॉक्टरांना सरळ सांगता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आपल्या वतीने कोण बोलेल तो प्रतिनिधी नेमण्याचा आणि पुढे कसे उपचार हवेत किंवा नकोत हे आधी लिहून ठेवण्याचाही. सगळं ठीक असतानाच हे लिहिलेलं बरं.

आत्महत्येचे विचार येत असतील किंवा दोन-तीन रात्री झोपच नसेल, तर मिळालेल्या तारखेची वाट बघायची नसते. जवळच्या रुग्णालयात जायचं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही चोवीस तास चालू असतो.

पहिल्या भेटीला जाताना पिशवीत आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं असावीत. दम्याची, थायरॉइडची, त्वचेसाठी घेतलेली स्टिरॉइड्स, वैद्यांच्या पुड्यासुद्धा. स्टिरॉइड्समुळेही मन भलतंच वर जाऊ शकतं. आणि कामाच्या वेळा सांगायच्या. ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्याची झोप मोडते, आणि झोप मोडणं हे मॅनियाचं जुनं निमित्त आहे. डॉक्टरांनी लिथियम सुचवलं (१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला, आजही ते पहिल्या फळीतलं औषध आहे), तर प्रश्न लगेच विचारून घ्यावेत. अंगदुखीला आयब्युप्रोफेन घेतलं, मे महिन्यात घामाने पाणी गेलं किंवा निर्जळी उपवास केला, तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. ते मोजण्यासाठी रक्त द्यायचं असतं शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. रात्री नऊला गोळी घेणाऱ्याने सकाळी नऊला लॅबमध्ये असायला हवं, आणि डोंबिवलीचा माणूस तेव्हा दादरच्या पुलावर असतो. तेव्हा गोळीची वेळ पुढेमागे करायची, लॅब ऑफिसजवळची शोधायची की रविवारी सकाळी उघडी असणारी, हे त्याच खुर्चीत बसून ठरवून टाकावं.