पत्नीच्या कुळाचे नाव

शास्त्रपाठ : एज्रा 2:61-63

प्रियजनहो, बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांच्या यादीत एका याजक घराण्याचा उल्लेख आहे. त्याच्या मूळ पुरुषाने बर्जिल्लय गिलादी याच्या कन्यांपैकी एकीशी विवाह केला, व तो तिच्याच कुळाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हा बर्जिल्लय कोण? अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजा पळून महनाईमास आला, तेव्हा ज्यांनी त्याला अंथरुणे, भांडी, गहू व मध आणून दिले त्यांपैकी हा एक. वय 80 वर्षांचे. अशा उदार पुरुषाच्या कुळाचे नाव घेतले म्हणून शास्त्र त्या जावयास बोल लावीत नाही.

आमच्या लोकांत मात्र असा पुरुष घरजावई म्हणून हिणविला जातो. बाप म्हणतो, वंश बुडाला, आई म्हणते, लेक परका झाला, भावकी हसते. हे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमच्या कन्या पिढ्यानपिढ्या माहेरचे नाव टाकून जातात, तेव्हा त्यांच्या आईबापांचे दुःख कोण विचारतो? जे कन्येस शोभते ते पुत्रास लाजिरवाणे कसे? आईबापांस सोडून पत्नीशी जडून राहण्याविषयी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात जे सांगितले आहे, ते तर पुरुषाविषयीच आहे. आमच्या देशाचा कायदाही पतिपत्नींपैकी कोणावर आडनाव बदलण्याची सक्ती करीत नाही. सक्ती आहे ती रूढीची.

जपान देशात, पुत्र नसलेल्या घराने जावयासच दत्तक घेऊन आपले नाव देण्याची चाल जुनी आहे. हिदेकी ओगावा नामक तरुणाने 1932 साली युकावा कुळातील कन्येशी विवाह करून तिचे आडनाव धारण केले. त्याच युकावा नावाने त्यांस 1949 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओगावांचे घर यामुळे हलके झाले काय?

तथापि आमच्या पाठात एक इशाराही आहे. त्या घराण्याने वंशावळीत आपली नोंद शोधली, पण ती सापडली नाही; म्हणून उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांस परमपवित्र अन्न खाण्याची मनाई झाली. दोष नव्या नावाचा सांगितलेला नाही. नोंद मिळाली नाही, हे कारण सांगितले आहे.

यास्तव, तरुणांनो, नाव बदलण्यापूर्वी आईबापांजवळ बसा; ही गोष्ट त्यांस दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. नाव बदलले तरी पाचवी आज्ञा बदलत नाही. त्यांच्या म्हातारपणीची भाकर व औषध तुमच्याच माथी आहे. सासरच्यांनो, जावयास गडी समजू नका. उपदेशक बंधूंनो, विवाहाच्या नोंदवहीत जुने व नवे अशी दोन्ही नावे स्पष्ट लिहा, म्हणजे नातवंडांस आपले मूळ शोधीत फिरावे लागणार नाही.

ज्या पित्यावरून प्रत्येक कुळास नाव मिळते, तो आमच्या घरांतील रुसवे दूर करो. आमेन.