लक्ष्यवेधाचे तप



मुंडक उपनिषदात ऋषींनी साधकाला धनुर्विद्येचा दृष्टान्त दिला आहे. प्रणव हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य. बाण लक्ष्यात शिरून त्याच्याशी एकरूप होतो, तसे साधकाने सावध राहून तन्मय व्हावे, असे ऋषी सांगतात. हा मंत्र आपण अनेकदा ऐकतो, समजला असे मानतो आणि पुढे जातो. त्यातील ‘सावध’ या शब्दासाठी काय मोजावे लागते, हे एखाद्या नेमबाजाकडे पाहिले की कळते.

आपल्या मझौलीत लहान मुलालाही क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात. रुबिना फ्रान्सिस हे नाव विचारून पाहा. त्या आपल्याच जबलपूरच्या. वडील मोटार मेकॅनिक, पायांनी दिव्यांग असलेली मुलगी, आणि हातात पिस्तूल. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये त्या सातव्या आल्या. सातव्या क्रमांकाची मिरवणूक निघत नाही. त्यानंतर तीन वर्षे त्या पुन्हा सरावाला उभ्या राहिल्या आणि ३१ ऑगस्ट २०२४ रोजी १० मीटर एअर पिस्तूलमध्ये २११.१ गुणांसह कांस्यपदक घेऊन आल्या.

पॅरिसच्या त्या स्पर्धांमधील नेमबाजी फ्रान्समधील शातोरू येथे झाली. त्याच केंद्रावर महिनाभर आधी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी ऑलिम्पिकचे कांस्य मिळवले होते. वडील शिक्षक, स्वतः तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. त्यांचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरणे. या प्रकारात भारताला त्याआधी ऑलिम्पिक पदक कधीच मिळाले नव्हते.

पन्नास मीटर दूर असलेल्या त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, करंगळीच्या नखाएवढे. प्राथमिक फेरीत तिन्ही स्थितींत वीस-वीस, अशा साठ गोळ्या. श्वासाबरोबर नळी हलते, हृदयाच्या ठोक्यानेही हलते. म्हणून श्वास सोडून क्षणभर थांबायचे आणि त्या स्थिरतेत चाप ओढायचा. कुसाळे यांनी ६०० पैकी ५९० गुण मिळवले, तरी अंतिम फेरीतील आठ जणांत ते सातवे होते. तेथून ४५१.४ गुणांपर्यंत जाऊन ते तिसरे आले.

कोणी म्हणेल, पदकाची इच्छा ठेवून केलेले कर्म सकामच, त्यात कसली साधना? इच्छा असतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण चाप ओढताना मनात पदक आले की हात हलतो. मागची गोळी चुकल्याचा सल घेऊन पुढची मारली तर तीही चुकते. निष्काम कर्मावर आपण प्रवचने ऐकतो. नेमबाजाला ते साठ वेळा करून दाखवावे लागते आणि प्रत्येक वेळेचे गुण लगेच फलकावर लागतात!

आता आपल्या राष्ट्राभिमानाविषयी. पदकाच्या दिवशी आपण तिरंग्याचे फोटो पाठवतो, अभिनंदनाचे फलक लावतो. आनंद खराच असतो. पण कुसाळे यांना वडिलांनी २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथून शातोरूपर्यंत पंधरा वर्षे गेली. त्या वर्षांत आपण कुठे होतो? ताळेबंदात मालमत्ता तेवढी दाखवायची आणि ती उभी करायला झालेला खर्च कोणाच्या नावे पडला हे विचारायचे नाही, असला हिशेब वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला पटत नाही. हा खर्च बहुतेक वेळा एकट्या कुटुंबानेच सोसलेला असतो. त्यातच शेजारीपाजारी विचारत राहतात, “यातून नोकरी लागणार का?”

हा प्रश्न आपल्या सत्संगी घरांतही विचारला जातो. तपश्चर्येचा आदर करणारे आपण, पण ती पहाटे धावणाऱ्या मुलीच्या रूपात समोर आली की आपल्याला ती वेळेचा अपव्यय वाटते.

येत्या रविवारच्या बालसंस्कार वर्गात एक करून पाहावे. आपल्या गावात किंवा जवळपास तिरंदाजी, खो-खो, कुस्ती, नेमबाजी, काहीही मन लावून करणारा खेळाडू असेल, त्याला आदराने बोलवावे. पदक नसले तरी चालेल. तो किती वाजता उठतो, सरावाला कसा जातो, बूट कोण घेऊन देते, हे मुलांना त्याच्याच तोंडून ऐकू द्यावे. आणि तो निघताना पुढच्या बुटांचे काय, हे मोठ्यांनी विचारावे.